शेवटची लाल रांग

१२ जानेवारी

नवी वही घेतली की पहिल्या पानावर अक्षर नीट काढायचं, ही शाळेतली खोड अजून गेलेली नाही. पहिल्या पानावर काहीतरी चांगलं लिहावं म्हणतात. मी चोरीपासून सुरुवात करते आहे.

आईचं कापड आज पहिल्यांदा टेबलावर पसरलं. साधं सुती, एकेकाळी पांढरं, आता सायीच्या रंगाचं. लांबी माझ्या उंचीएवढी, रुंदी त्याच्या निम्मी. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सुईची भोकं. रांगेमागे रांग, रांगेवर रांग, काही ठिकाणी इतकी दाट की उजेडासमोर धरलं तर चाळणी दिसते. दोरा मात्र कुठेच नाही. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल रांग, वीतभर.

आई गेली तेव्हा मी परदेशात माझ्या प्रदर्शनात होते. तिसऱ्या दिवशी पोचले. ताई भाड्याने आणलेला दवाखान्याचा पलंग परत करायला गेली होती. मी ताईच्या कपाटात टॉवेल शोधत होते, तेव्हा हे सापडलं. पिशवीत घातलं, वर माझा स्वेटर ठेवला. ताईने त्याचं पायपुसणं केलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ताईने आजवर कशाचंही पायपुसणं केलेलं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

या गोष्टीला पाच महिने झाले. कापड, कागद, मेण, गंजलेले खिळे, लोकांची जुनी पत्रं, कशाकशातून मी दुसऱ्यांच्या आठवणी शिवत आले. आपल्या आईची वेळ आली तर कापड पिशवीतून काढायलाच पाच महिने लागले. मार्चमधल्या प्रदर्शनात हेच मध्यभागी लावायचं असं ठरवलंय.

१५ जानेवारी

ताईचा फोन. तब्येत, पाणी येतं का, गुडघा कसा आहे. मग म्हणाली, "अगं, माझ्या कपाटात आईचं एक कापड होतं. सापडत नाहीये. तू पाहिलंस का?"

मी म्हणाले, "नाही गं, मी नाही पाहिलं."

इतक्या झटकन म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. कापड समोर टेबलावर होतं आणि माझा डावा हात त्याच्यावर होता. ताई म्हणाली, "बरं. असेल कुठेतरी." मग तिने मला गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं.

१६ जानेवारी

तेल आणलं. लावलं नाही.

२२ जानेवारी

आज लाल रांग काढली.

टाके ताईचे होते, बघताक्षणी ओळखले. आई आयुष्यभर लोकांचे कपडे आल्टर करायची, तिचा टाका मापून टाकल्यासारखा. माझाही सरळ. ताईचा धावदोरा मात्र लहानपणापासून लंगडा: एक टाका लांब, एक आखूड. आई म्हणायची, हिच्या टाक्याला एक पाय तोकडा आहे. आता आईच्या कापडावर ताईच्या टाक्यांचं काय काम? कापड ओळखू यावं म्हणून खूण केली असेल तिने, शाळेत शिकवायची तेव्हा मुलांच्या रुमालांवर करायची तशी. एवढ्या नितळ गोष्टीवर तेवढाच एक डाग वाटत होता. छोट्या कात्रीने गाठ कापली, दोरा हलकेच ओढला, अख्खा निघाला. बरणीत टाकला. कामातून निघालेले सगळे दोरे मी काचेच्या एका बरणीत टाकते, वीस वर्षांची सवय.

आता कापड पूर्ण झालं.

२९ जानेवारी

दालनबाई येऊन गेल्या. ज्या दालनात प्रदर्शन आहे तिथल्या संयोजिका. नाव भारदस्त आहे, पण मी मनात दालनबाईच म्हणते. कापडासमोर त्या बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या, आणि त्यांना गप्प बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

"आई शेवटी सगळं विसरल्या होत्या ना?" त्यांनी विचारलं.

"हो. चार वर्षं."

"आणि तरी हात शिवत राहिले. बिनदोऱ्याच्या सुईने." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, ही प्रार्थना आहे. मागणं नाही, शब्द नाहीत, दोरासुद्धा नाही."

हे मलाही सुचलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर पक्कं झालं. नाव ठरलं: 'दोऱ्याविना'.

३ फेब्रुवारी

भिंतीवरच्या फलकासाठी मजकूर लिहायचा आहे. सकाळपासून 'साधना', 'मौन', 'विस्मृतीच्या पलीकडचा स्पर्श' असं लिहून खोडते आहे. मी कधी प्रार्थना करत नाही. करता येत नाही. लोक माझ्या कामासमोर डोळे मिटून उभे राहतात, तेव्हा मी मागे उभी राहून त्यांचे बूट बघते.

चार वर्षांत तीनदा गेले आईकडे. हा आकडा इथे लिहून ठेवते, म्हणजे उगाच पाच म्हणायला नको. दुसऱ्या वेळी आईने मला गिऱ्हाईक समजून अदबीने खुर्ची दिली. म्हणाली, "बाई, तुमचा कोट बुधवारी मिळेल. अस्तर उसवायला वेळ लागतो." मी म्हटलं, "आई, मी आहे." ती म्हणाली, "हो हो, पण बुधवारीच." ताई हसली, मीही हसले. तासाभराने गाडी आहे म्हणून निघाले. गाडीला अजून तीन तास होते. ते मी स्टेशनवर बसून काढले.

त्या बुधवारी कुठे होते आठवत नाही.

४ फेब्रुवारी

मजकूर झाला. चांगला झाला, हेच वाईट.

११ फेब्रुवारी

चौकटवाला आला होता. बारा वर्षं माझी सगळी कामं हाच चौकटीत बसवतो. बोलणं मोजकं, बोटं जाडजूड, पण कापड उचलतो ते तान्ह्या बाळासारखं. आज मात्र त्याने चष्मा कपाळावर नेला आणि कापडाला नाक लावून बघत बसला.

"मॅडम, ह्यातनं दोरा गेलाय."

"नाही. नुसत्या सुईचं आहे."

"नुसती सुई गेली की भोक गोल पडतं आणि कापड दोन दिवसांत मिटून घेतं. हे बघा, भोकं लांबट आहेत. दोरा ओढून काढलाय. आणि हा बघा मऊ मऊ भुसा." चिमट्याने त्याने एका भोकातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. लाल. पापणीच्या केसाएवढं.

"माझ्या टेबलावरचं चिकटलं असेल," मी म्हणाले. "इथे सगळ्या रंगांचा कचरा असतो."

"असेल," तो म्हणाला आणि माप घ्यायला लागला.

आई म्हणायची, शिवायला कुणीही शिकतं, उसवायला अक्कल लागते. उसवलेल्या कापडावरून बोट फिरवलं की कळतं, असं तिनेच मला शिकवलं, मी दहा वर्षांची असताना, माझे डोळे बांधून. एक शिवलेला तुकडा, एक उसवलेला, एक कोरा. मी एकदाही चुकले नव्हते.

पण त्या कोपऱ्यात लाल रांग होतीच की. तिचाच भुसा असणार. त्याने भुसा वरच्या उजव्या बाजूने काढला, हे खरं. पण कापड घडी घातलेलं होतं. इकडचं तिकडे लागू शकतं.

बोट फिरवून बघितलं नाही. काच बसवायची आहे, हाताचं तेल लागतं.

१ मार्च

निमंत्रणपत्रिका छापून आल्या. वर कापडाचा फोटो, खाली फलकावरचं एक वाक्य. दालनबाईंनी हौसेने सांगितलं की माझ्या जुन्या यादीतल्या सगळ्यांना गेल्या. यादीत दुसरं नाव ताईचं.

आता ताईला फोन करायचा आणि सांगून टाकायचं. दुपारी करते.

२ मार्च

केला नाही.

५ मार्च

ताईचाच येईल असं वाटलं होतं. आला नाही. ताई बोलली की बरं असतं. गप्प बसली की आपण लहान होतो, अगदी फ्रॉकमधले.

८ मार्च

उद्घाटन झालं. 'दोऱ्याविना'समोर गर्दी. एक म्हाताऱ्या बाई रडल्या, माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुमच्या आईला देव सापडला होता." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

ताई आली नाही. दारावर माझं लक्ष होतं, आणि ती येत नाहीये म्हणून दर थोड्या वेळाने हायसं वाटत होतं. सख्खी बहीण न आल्याचं हायसं.

११ मार्च

आज आली.

दुपारची वेळ, दालनात चारच माणसं. मी कोपऱ्यातल्या बाकावर एका विद्यार्थिनीशी बोलत होते. समोर पाहते तर ताई. बाहेरगावी जातानाचे तिचे तपकिरी बूट, खांद्यावर पिशवी, हातात निमंत्रणपत्रिका, मधोमध दुमडलेली. ती फलक वाचत होती. मुलांच्या वह्या तपासताना हलायचे तसे ओठ हलत होते. पूर्ण वाचला. परत पहिल्यापासून वाचला.

मी जाऊन शेजारी उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"दोऱ्याविना?" ती म्हणाली.

"ताई, मी तुला सांगणारच होते."

"दोरा होता गं. रोज होता." आवाज चढलेला नव्हता, वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं की असायचा, तसा होता. "तिला उसवायची सवय. शिवणं विसरली, उसवणं विसरली नाही. पडद्यांच्या दुमडी उसवल्या, उशांचे अभ्रे उसवले. एकदा मी शाळेत फळ्यावर लिहायला हात वर केला आणि बाही गळून हातात आली. पोरं आठवडाभर हसत होती. त्याच महिन्यात मी नोकरी सोडली."

नोकरी कंटाळून सोडली, असं मला फोनवर सांगितलं होतं तिने. मी 'बरं केलंस' म्हणाले होते.

"मग तिला हे कापड दिलं," ताई म्हणाली. "सकाळी ती मला सुया ओवून ठेवायची. माझे डोळे असे, पण तिची बोटं शेवटपर्यंत एका झटक्यात ओवायची. दुपारी ती झोपली की मी शिवायची. तिच्यासमोर शिवून चालायचं नाही. लगेच म्हणायची, टाके चुकले, आण इकडे. संध्याकाळी ती उसवायची. उसवून झालं की शांत. जेवायची, झोपायची. दुसऱ्या दिवशी परत. लालच दोरा, तिला तोच दिसायचा. दुकानदार मला विचारायचा, बाई, शिवणाचा वर्ग काढलाय का?"

ती हसली. मला हसता आलं नाही. चार वर्षं, रोज. मी तिथेच काचेत बघत उभी राहिले, आणि काचेत माझाच चेहरा दिसत होता, खाली माझंच नाव.

मग ताई वाकली आणि खालच्या डाव्या कोपऱ्याशी काचेवर बोट ठेवून काहीतरी शोधायला लागली.

"हात लावू नका, मावशी," रखवालदार म्हणाला. ताईने पटकन हात मागे घेतला, चूक झाल्यासारखा. मी त्याला काही बोलले नाही. का बोलले नाही? दहा पावलांवर विद्यार्थिनी होती, म्हणून.

"इथे एक रांग होती," ताई म्हणाली. "शेवटची. त्या दुपारी घातलेली. आई झोपेतून उठलीच नाही. चार वर्षांत माझी तेवढी एकच रांग शिल्लक राहिली होती."

"मी उसवली," मी म्हणाले.

आता तिने माझ्याकडे पाहिलं. "कशाने?"

"छोट्या कात्रीने."

"आई नखाने काढायची," ती म्हणाली. पिशवी खांद्यावर सारखी केली. "माझी बस आहे."

१२ मार्च

काही नाही.

१३ मार्च

दालनबाईंना सगळं सांगितलं. चोरी, खोटं बोलणं, रांग, सगळं. वाटलं होतं, त्या हादरतील. त्या खुर्चीतून उठल्याच.

"अहो, हे तर त्याहून मोठं आहे! दोन बायका, एक शिवते, एक उसवते. हीच तर साधना! फलक बदलू या. ताईंना बोलायला बोलावू या. येतील का त्या?"

खरं लिहायचं तर क्षणभर मलाही तेच वाटलं. नवं नावसुद्धा सुचलं. इतकं चांगलं होतं की इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर कधीतरी वापरीन.

म्हणाले, "काम काढून घ्यायचं आहे."

"आता? तीन आठवडे बाकी आहेत! पत्रिकेवर फोटो आहे!"

"माझं नाहीये ते. आणायला नको होतं."

त्या बराच वेळ समजावत होत्या, मग दुखावल्या, मग थंड झाल्या. निघताना म्हणाल्या, रिकामी चौकट तशीच ठेवू, तीसुद्धा काहीतरी सांगेल. मी म्हटलं, चौकटही काढा, काही सांगायला नको. यापुढे हे दालन मला मिळणार नाही. वाईट वाटलं. त्याचं वाईट वाटलं म्हणून आणखी वाईट वाटलं.

१४ मार्च

चौकटवाला आला, काच काढली, कापड सोडवलं. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

कापड घरी आणून पसरलं आणि डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. दहा वर्षांच्या पोरीलाही कळलं असतं.

१६ मार्च

काल ताईकडे गेले. पिशवीत कापड, आणि दोऱ्यांची बरणी. ही बरणी मांडीवर घेऊन बसमध्ये बसलेली बाई बघून लोक काय म्हणाले असतील कोण जाणे.

ताईने दार उघडलं. बरणीकडे पाहिलं. "हे काय, लोणचं?"

"दोरे. ती रांग यात आहे."

तिने आत घेतलं. पाणी दिलं. कापड हातात घेतलं, उलगडलं नाही, मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला. मी आधी तिची माफी मागून टाकली. बसमध्ये पाठ केलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही. एवढंच म्हणाले, "मी चोरलं, खोटं बोलले, आणि तुझं काम पुसून टाकलं. चार वर्षं तू केलंस आणि नाव मी लावलं."

"खोटं बोललीस तेव्हाच कळलं होतं," ताई म्हणाली. "कुणाचंही कापड हरवलं म्हटलं की तू आधी विचारतेस, सुती का रेशमी. त्या दिवशी विचारलंच नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सांगेल. दोन महिने वाट बघितली." ती खिडकीकडे बघत होती. "चार वर्षं तुझी वाट बघायची सवय होतीच. आई विचारायची, त्या कोटवाल्या बाई आल्या नाहीत का बुधवारी?"

मी रडले. ताईने रडू दिलं, जवळ आली नाही. मग उठली, स्वयंपाकघरातून मोठं ताट आणलं आणि त्यात बरणी उपडी केली.

वीस वर्षांचे दोरे. लाल कितीतरी निघाले. मेणाळलेले, रेशमी, जाड, तुटके. मी एकेक उचलून तिच्यासमोर धरत होते, ती मान हलवत होती. तासभर गेला. मग तळाकडे नाही, मधेच कुठेतरी, एका निळ्या गुंत्यात अडकलेला सापडला. दोरा शिवून उसवला की त्याला टाक्यांच्या लाटा राहतात. ताणल्याशिवाय जात नाहीत. याच्या लाटा एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड.

ताईने तो तळहातावर घेतला, उजेडाशी नेला. "हाच," म्हणाली. "लंगडतोय."

"परत घालू का? त्याच भोकांतून. मला जागा माहीत आहे."

"तू नको. तुझे टाके सरळ पडतात." तिने टेबलाच्या खणातून सुई काढली, माझ्यापुढे धरली. "ओवून दे फक्त. मला दिसत नाही."

दोन वेळा चुकलं. दोरा जुना, टोक पिंजलेलं. "आई एका झटक्यात ओवायची," ताई म्हणाली. मी टोक ओलं केलं. तिसऱ्यांदा गेला. सुई तिच्या हातात दिली.

मला वाटलं, आता शेजारी बसून बघावं. ताईने कापड मांडीवर पसरलं, कोपरा शोधला आणि मग थांबली.

"तू आत जाऊन पड जरा," ती म्हणाली. "समोर कुणी बसलं की मला शिवता येत नाही."

आईच्या खोलीत पलंगाच्या जागी आता जमिनीवर गादी आहे. मी भिंतीकडे तोंड करून पडले, डोळे मिटले.  मग बाहेरच्या खोलीतून दोरा कापडातून ओढल्याचा आवाज यायला लागला. एक लांब, एक आखूड.